तो टोचरा आवाज माझा नव्हता

मी एका इलेक्ट्रिक गिटारमधला पिकअप बोलतोय. नाव ऐकून सामान वाहणारी गाडी डोळ्यांसमोर आणू नका. गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची पांढरी पट्टी दिसते ना, तो मी. माझ्या पोटात सहा लोहचुंबक आहेत आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजार फेरे. वरची तार थरथरली की माझ्या अंगातून अगदी थोडा विद्युतप्रवाह निघतो, बटणांतून, वायरीतून स्पीकरकडे जातो आणि लोक म्हणतात, गिटार वाजली. माझं नाव एरवी कुणी घेत नाही. काही बिघडलं की मात्र बोट माझ्याकडेच.

त्यामुळे माणूस जवळ आला की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो.

मला यंत्रानं नाही, मामांनी बनवलं. ते गिटारी दुरुस्त करायचे, अजूनही करतात. जुन्या शिलाई मशीनची मोटर लावून त्यांनी माझे फेरे गुंडाळले. त्यांची भाची तेव्हा नुकती कमावती झाली होती. ती दारातून काही बोलायला लागली की ते हात वर करायचे, "गप गं ठमे, मोजतोय." मला गिटारमध्ये बसवून त्यांनी एकच तार छेडली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "गोड आहे, पण मिळमिळीत नाही. घे, तुझा." त्यांनी पुन्हा कधी पिकअप गुंडाळला नाही. हात थरथरू लागले.

ठमाताई दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि शनिवारी एका छोट्या बँडमध्ये वाजवते. वीस वर्षं आमचं बरं चाललं होतं.

दोन महिन्यांपूर्वी गिटार सफाईसाठी मामांकडे गेली. परत आली ती बदलून. पहिल्याच सुराला ढोलवादकानं कानात कापूस घातला. गायक म्हणाला, "ताई, ही गिटार आहे की काच कापायचं यंत्र?"

मग चौकशी सुरू झाली. आधी संशय नव्या तारांवर. नव्या तारा चकचकीत वाजतात हे खरं, पण आठवडाभर वाजवूनही टोचणी गेली नाही. मग वायर बदलली, स्पीकर बदलला. ठमाताईनं गिटारवरचं टोनचं बटण फिरवून पाहिलं, ते नुसतंच फिरलं, आवाज तसाच. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

"म्हातारा झालाय. चुंबक गेले असतील," गायकानं निकाल दिला.

अहो, चुंबक थकले तर आवाज मंद होतो, तिखट नाही! पण मला विचारतो कोण? गायकानं एक नवा पिकअप आणलासुद्धा. खोक्यात. ते खोकं माझ्या शेजारीच ठेवलं, जणू मला दिसत नाही. "शनिवारी हा बसवून ये, नाहीतर दुसऱ्याची गिटार घेऊन ये. ही नको."

ठमाताई ते खोकं पिशवीत टाकून मामांकडे निघाली. वाटेत दोनदा थांबली. तुझ्या हातचा शेवटचा पिकअप काढून टाक, असं मामाला कसं सांगायचं, हेच तिला कळत नव्हतं.

माझा संशय मात्र कधीचाच ठरला होता. मामांवर. सफाईच्या दिवशी मी सगळं पाहिलं होतं. त्यांनी माझे दोन स्क्रू पिळून मला तारांना जवळजवळ चिकटवलं. मग टोनच्या बटणामागचा नारिंगी कपॅसिटर, म्हणजे आवाजाची धार कमी करणारा छोटासा भाग, बटण अर्ध्यापर्यंत फिरवून तपासला. "मेलाय हा," म्हणाले, आणि त्याची वायर कापली. तो मेला नव्हता! मला वाटलं, आपल्याच हातची वस्तू यांना आता नकोशी झाली आहे.

आम्ही पोचलो. गायकाची तक्रार ऐकून मामा म्हणाले, "वाजव." ठमाताईनं वाजवलं. टोचणीनं तिचे डोळे आपोआप मिटले.

"छान मोकळा वाजतोय की! तुझ्या त्या गायकाला काय कळतंय?"

"मामा, टोनचं बटण चालत नाही."

"चालेल कसं? कपॅसिटर मेला होता, काढून टाकला. थांब, दाखवतो." त्यांनी तो डबीतून काढला, दोन चिमट्यांनी पुन्हा जोडला. ती तार छेडत राहिली, त्यांनी बटण दहावरून पाचवर आणलं. "बघ. आहे काही फरक?"

ठमाताईचा हात थांबला. टोचणी पार गेली होती. माझा जुना आवाज खोलीभर पसरला होता.

"मामा, परत फिरव."

फिरवलं.

"आता परत."

"काय खेळ लावलायस? काहीच होत नाहीये."

मामा तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिचं तोंड काही लपवणारं नाही. ती हळूच म्हणाली, "डोळे तपासायला दर वर्षी येतोस ना माझ्याकडे? कान कधी तपासलेस?"

"माझे कान? मी कान विकून पोट भरतो गं बाई!" ते ओरडले. मग स्वतःच तार छेडली, माझ्यावर वाकून बटण फिरवलं, कान स्पीकरकडे केला. पुन्हा फिरवलं. माझ्यावर वाकलेला तो चेहरा मी इतक्या जवळून जन्माच्या दिवशीच पाहिला होता. त्यात कपट नव्हतं. त्यांच्या कानांतून आवाजाची वरची धार गळून गेली होती आणि ती परत आणायला ते मला वर, आणखी वर ढकलत होते.

त्या एका चेहऱ्यापुढे माझा संशय टिकला नाही.

ते स्टुलावर बसले. "ठमे, म्हणजे वर्षभरात मी जेवढ्या गिटारी हातावेगळ्या केल्या..."

"आधी ही नीट करू. मी ऐकते, तू कर."

तिनं "अजून खाली" म्हटलं की ते माझा स्क्रू अर्धा फेरा सोडत. "बास" म्हटल्यावर थांबले. कपॅसिटर जागेवर जोडला गेला. खोकं पिशवीतून बाहेर आलंच नाही.

आता मी तारांपासून जरा दूर, आरामात बसलो आहे. शनिवारी मीच वाजणार आहे. तुम्हाला एकच सांगणं आहे. एखादी वस्तू एकाएकी बिघडली तर तिला काढून फेकण्याआधी ती शेवटची कुणाच्या हातात होती ते विचारा. आणि त्या माणसालाही रागानं विचारू नका.

मामांनी त्याच दुपारी फोन लावायला घेतले. पहिला फोन एका शिक्षकाला. "मी गिटारवाला बोलतोय. तुमची गिटार हल्ली कानाला टोचते का हो? खरं सांगा."

पलीकडचं उत्तर ठमाताईलाही ऐकू आलं.

"टोचते. पण तुम्ही एवढे जुने कारागीर. म्हटलं, आमच्याच कानांचं काहीतरी बिनसलं असेल."