दहावं कार्ड

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोनेही ठेवला नव्हता, आणि त्या बिचारीने मी दारू सोडली यावर चाळीस वर्षं विश्वास ठेवला होता.

"मग सांगतोस कशाला?" एल्मो रॅटलिफ म्हणाला. कोळशाच्या धुळीने त्याची फुफ्फुसं खाल्ली आहेत. नाकात ऑक्सिजनची नळी घालून तो रोज सकाळी पेट्रोल पंपावरच्या खानावळीत आमच्या टेबलाशी येऊन बसतो. शब्दाशब्दाला श्वास खर्च होतो म्हणून बाकीचं बोलणं त्याने सोडून दिलंय, आणि फक्त टोमणे ठेवलेत.

"बर्नीसने विचारलं म्हणून," मी म्हटलं.

बर्नीसने खरंच विचारलं होतं. तिने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करले. तिचा नातू यंदा नववीत आहे, आणि पुढच्या वर्षी दहावीत कुठले विषय घेणार ते या शुक्रवारच्या आत कळवायचंय. त्याचं पिवळं कार्ड तिने केचपच्या बाटलीला टेकवून उभं केलं होतं.

"पोरगा म्हणतो, आजी, काहीही भर," ती म्हणाली. "व्हर्जिल, तू एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस. तूच सांग, काय भरू?"

त्या कार्डावर दोन रकाने असतात. डावीकडे 'हवं ते', उजवीकडे 'ते नाही मिळालं तर'. आमच्या शाळेत डावा रकाना निव्वळ शोभेचा. डावीकडे फ्रेंच लिहिणाऱ्या पोरांच्या दोन पिढ्या मी बसमधून नेल्या-आणल्या. त्यातल्या एकालाही फ्रेंचमध्ये शिंकता येत नाही. वेल्डिंग मात्र सगळ्यांना येतं.

"उजवीकडे जपून लिही, बर्नीस," मी म्हटलं. "मिळणार तेच आहे. आणि एकच विषय दोन्हीकडे लिहू नकोस. आमच्या कॅसिडीने लिहिला होता."

कॅसिडी माझी नात. तिची आई फ्लोरिडाला गेली ती गेलीच, म्हणून पोर माझ्याकडे वाढली. आता चोविशीची आहे. इथेच काउंटरमागे उभी राहून नाश्त्याची जाड, मऊ बिस्किटं थापते आणि त्यावर ओतायला ग्रेव्ही ढवळते. भट्टीवरचा पंखा इतका घरघरतो की तिला आमचं काही ऐकू जात नाही. निदान नऊ वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

तर, नऊ वर्षांपूर्वीचा मार्च. कॅसिडी तेव्हा नववीत. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगला रसायनशास्त्र लागतं, आणि ते शिकवायला आमच्या अख्ख्या खोऱ्यात एकच माणूस, साइझमोर मास्तर. जिल्ह्याच्या ऑफिसने त्यांना कळवलं होतं, दहा मुलं झाली तर पुढच्या वर्षी वर्ग चालवा. नऊ झाली तर तुम्ही घरी जा, प्रयोगशाळेला कुलूप. कार्डं द्यायची मुदत शुक्रवार, दुपारी दोन. दोन वाजता मिस व्हँडरपूल, म्हणजे मुलांना विषय निवडायला मदत करणाऱ्या बाई, सगळी कार्डं पिशवीत घालून दुसऱ्या शाळेला निघायच्या. त्यांच्याकडे तीन शाळा होत्या.

कॅसिडीने डावीकडे रसायनशास्त्र लिहिलं, आणि उजवीकडेही रसायनशास्त्र लिहिलं.

"बाळा," मिस व्हँडरपूल तिला म्हणाल्या, "मशीनला एकच गोष्ट दोनदा मागितलेली कळत नाही. ते उजवा रकाना कोरा समजेल, आणि कोऱ्या जागेत आपोआप पाककला भरेल."

"भरू दे," कॅसिडी म्हणाली. "मला दुसरं काही नकोच आहे."

गुरुवारी संध्याकाळी ती बसमधून सगळ्यात शेवटी उतरली. "नऊ झाले, पापॉ," म्हणाली. आमच्याकडे आजोबाला पापॉ म्हणतात. "सगळ्यांना विचारून झालं. नऊच."

"मग मी कशाला आहे?" मी म्हटलं.

"हेच आम्ही सत्तर वर्षं विचारतोय," एल्मो म्हणाला.

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. शुक्रवारी सकाळी पोरांना शाळेत सोडलं आणि तडक मिस व्हँडरपूलसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बाई, दहावा विद्यार्थी हजर आहे. मी दहावीतूनच शाळा सोडून खाणीत गेलो होतो. म्हणजे कायद्याने मी अजून दहावीतच आहे. बाई भल्या. त्यांनी माझं नाव मशीनमध्ये घातलं. जन्मसाल एक्कावन. मशीनने ते पुढचं एक्कावन धरलं आणि सांगितलं, हा विद्यार्थी अद्याप जन्मलेला नाही, जन्मल्यावर गोवराची लस देऊन पाठवा.

बर्नीस इतकी हसली की कार्ड आडवं झालं. "खोटारड्या!"

"ते पत्र घरी आलं होतं, बर्नीस. माझ्या आईच्या नावाने."

तर तो मार्ग बंद झाला. उरला कोल्बी स्टिल्टनर. त्याने मुख्याध्यापकांच्या गाडीत ओपॉसम, म्हणजे घुशीसारखं दिसणारं मांजराएवढं जनावर, सोडलं होतं, तेही पिल्लांसकट, म्हणून त्याला तीन दिवस घरी बसवलेलं. त्यामुळे कॅसिडीचं विचारणं त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. मी रिकामी बस घेऊन टर्की फोर्कच्या ओढ्याच्या टोकापर्यंत गेलो. कोल्बी त्यांच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पायरीवर बसून बुटाला लागलेला चिखल काडीने खरवडत होता.

"रसायनशास्त्र घेतोस का?"

"ते काय असतं?"

"तुझ्या मामाने घरात नशेची पावडर शिजवून सात वर्षं तुरुंगात काढली ना, तेच. फक्त कायदेशीर."

त्याने विचार केला. "पेटवायला देतात?"

"मास्तर स्वतः काडी हातात देतात."

"द्या इकडे कार्ड."

आईची सही आतून आली. तिने कशावर सही केली ते वाचलं नाही, आमच्याकडे वाचत नाहीत. कार्ड मी शर्टाच्या खिशात ठेवलं तेव्हा दीड वाजला होता. आणि तेवढ्यात ओढ्याला पूर आला.

"कसला पूर?" एल्मोने भुवई उचलली.

"पूर म्हणजे पूर! पूल असा उचलला गेला की त्यावरचा कुत्रा पलीकडच्या काठावर उतरला आणि पूल पुढे गेला. बस तरंगायला लागली. मी दारं उघडमीट करून वल्हवत होतो. एकदा डावीकडचं, एकदा मागचं. पण पाणी माझ्यापेक्षा वेगाने धावत होतं, आणि बस त्यात गिरक्या घेत होती. तेव्हा मला सुचलं. मी बसच्या कडेची 'थांबा'ची लाल पाटी बाहेर काढली."

"मग?"

"मग काय, थांबलं. शाळेच्या बसने पाटी काढली की मागच्याने थांबायचं, हा या राज्याचा कायदा आहे. अख्खा पूर थांबला. माझ्या मागे एक कोंबड्यांचं खुराडं, बाप्टिस्ट चर्चचा अर्धा जिना आणि तुझी शेवरोले गाडी, एल्मो, ओळीने उभी राहिली. एकानेही हॉर्न वाजवला नाही. मी संथ पाण्यातून बस शाळेच्या पायरीला लावली, आणि उतरताना पाटी आत घ्यायला विसरलो. तिथलं पाणी रविवारपर्यंत तसंच उभं होतं."

बर्नीस डोळे पुसत होती. शेजारच्या टेबलावर नाश्ता करणारे विजेच्या तारांवर काम करणारे दोघे वळून बसले होते. माणसं अशी वळून बसली की मला थांबता येत नाही. ती माझी जुनी खोड आहे.

"दोनला दोन मिनिटं कमी होती," मी म्हटलं. "मिस व्हँडरपूल पिशवीची चेन लावत होत्या. मी कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मोजलं. दहा! साइझमोर मास्तर दारात उभे होते, ते मोठ्याने रडले."

"मग वर्ग भरला का नाही?" तारवाल्यातल्या एकाने विचारलं. परका माणूस, त्याला काय ठाऊक?

वर्ग भरलाच नाही. ऑगस्टमध्ये कॅसिडीचं वेळापत्रक आलं. तिसऱ्या तासाला पाककला. साइझमोर मास्तर मुलाकडे ओहायोला गेले. प्रयोगशाळेत आता जुनी बाकं रचून ठेवली आहेत. अकरावीला तिने पुन्हा विचारलं, बारावीला विचारलं नाही. त्या नऊ पोरांपैकी दोघं पुरली गेली. कोल्बी मामाच्या वाटेने गेला. एवढ्या भागावर मी कधी काही रंगवत नाही.

"जिल्ह्याच्या ऑफिसने घात केला," मी म्हटलं. "कार्डं पोहोचल्यावर सोमवारी त्यांनी आकडा वाढवला. दहाचे बारा केले! आम्ही पूर थांबवला, पण खुर्चीवरच्या माणसाला कोण थांबवणार?"

"त्यांचं नेहमीचंच आहे," बर्नीस म्हणाली आणि कार्ड पुन्हा सरळ उभं केलं. "बारा केले म्हणे! मेल्यांनो. त्या पोरीचं वाटोळं केलंत."

 एल्मो नळी सारखी करत राहिला.

"व्हर्जिल, तू तरी केलंस बाबा जेवढं हातात होतं तेवढं," बर्नीसने माझ्या हातावर थोपटलं. आणि मी, देवाची शपथ, मान डोलावली.

कॅसिडी कॉफीचं भांडं घेऊन आमच्या टेबलाशी कधी आली ते मला कळलं नाही. तिने आधी एल्मोचा कप भरला, मग बर्नीसचा, मग तारवाल्यांचे. माझा भरला नाही. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. आवाज चढवला नाही तिने, पंख्याच्या वर जाईल एवढाच काढला.

"त्या शुक्रवारी ऊन होतं, पापॉ. दोन वाजेपर्यंत मी शाळेच्या दारात उभी होते. कोल्बीचं कार्ड तुमच्या खिशात होतं, आणि तुम्ही इथे बसून एल्मोला त्या ओपॉसमची गोष्ट सांगत होतात."