तराजूच्या पारड्यातलं कुंकू

मी एक जुना दोन पारड्यांचा तराजू आहे. वाऱ्याची झुळूकही लागू नये म्हणून काचेच्या पेटीत राहतो. मित्रांनो, बाजारातला काटा कांदे तोलतो; मी केसाचंही वजन सांगतो. नखरेल म्हणा, माझी ना नाही.

बरीच वर्षं कॉलेजात राबलो. नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून उत्तराबाईंनी मला इंदिरानगरच्या घरी आणलं. त्या समुद्री शेवाळ तपासत होत्या. खाडीत दोरांवर वाढणारं शेवाळ पाण्यातला कार्बन घेतं. पण चिखलात गाडल्यावर तो तिथेच राहतो की कुजून परत सुटतो? बरणीतल्या चिखलात पुरलेलं शेवाळ काही महिन्यांनी काढायचं, धुऊन वाळवायचं आणि माझ्यावर ठेवायचं. वजन टिकलं तर कार्बन टिकला.

खाडीवरचा मच्छीमार भिका फोनवर म्हणाला, "बाई, तुम्ही टिकतंय म्हणालात की कार्बन गाडायचे पैसे देणारी ती कंपनी माझं शेवाळ घेणार. मग होडी विकून दोर आणतो." त्याचं घर त्या एका होडीवर चालायचं.

खंडेनवमीच्या सकाळी बाईंनी माझी रिकामी पारडी समान केली. मग त्यांचे सासरे ढुंढिराजबुवा आले, पंचवटीत पौरोहित्य करणारे. त्यांनी माझ्या डाव्या पारड्याला हळदकुंकू लावलं. केवढा मान! पण दांडी किंचित कलली.

"आज याला विश्रांती. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर तोल," बुवा म्हणाले.

"आणि कुंकू, मामंजी?"

"पूजेचं कुंकू लगेच पुसतात का?"

दसऱ्याला बाईंनी डाव्या पारड्यात पहिल्या बरणीतलं वाळवलेलं शेवाळ ठेवलं. कुंकू पुसायला हात निघाला होता, पण मामंजी शेजारीच उभे. "एवढ्याशानं काय होतंय," असं पुटपुटून बाईंनी वजन घेतलं. अहो बाई, शेवाळ तरी कुठे मोठं होतं? तेही चिमूटभरच.

वजन टिकलेलं दिसलं. बाईंनी भिकाला फोन करून टिकतंय म्हणून सांगितलं आणि घरात आपट्याची पानं वाटली.

पुढच्या आठवड्यात दुसरी बरणी उघडायची, म्हणून त्यांनी मला स्वच्छ पुसलं. सहज तेच शेवाळ मागच्याच वजनांसमोर पुन्हा ठेवलं. पारडं वर गेलं. पुन्हा तोललं, पुन्हा वर. दसऱ्याला टिकलेलं दिसलं ते कुंकवाचं वजन होतं. बाईंनी लगेच भिकाला फोन लावला.

फोन भिकाच्या बायकोने घेतला. होडी कालच विकली गेली होती आणि भिका दोर आणायला गेला होता.

"बाई, टिकतंय ना हो?" तिने विचारलं.

बाईंनी माझ्या वर गेलेल्या पारड्याकडे पाहिलं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, आम्हालाही मान आवडतो. पण कामाला लावण्याआधी आम्हाला पुसा. आमच्या शब्दावर कुणीतरी होडी विकत असतं.