नायला टबात मावेना

मी एक जुना ओतीव लोखंडी टब आहे. मित्रांनो, माझा जन्म मुलांना आंघोळ घालण्यासाठी झाला.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, टेकडीवरच्या एका गोऱ्या कुटुंबात माझी पहिली वर्षं फेसात आणि खिदळण्यात गेली. एकदा त्यांचा मुलगा माझ्यात घसरला. हनुवटीला टाके पडले. केवढा गहजब झाला! शेजारी धावले, शाळेत सभा भरली आणि बघता बघता आळीतल्या प्रत्येक टबात रबरी चटई आली. मला ते फार आवडलं. मुलाला लागलं की मोठ्यांनी असंच पेटून उठायला हवं.

पुढे नवा टब आला आणि मी भंगारात गेलो. तिथून व्हर्डेलबाईंनी मला आणलं. त्यांची वस्ती काळ्या लोकांची, घराच्या भिंती पातळ फळ्यांच्या. त्यांनी मला ठोकून पाहिलं. "हा जाड आहे. हाच हवा."

पाणी ऊन राहावं म्हणून असेल, असं मला वाटलं. घरी आल्यावर त्यांनी माझ्यात गोधडी अंथरली.

बाहेर गोळ्या सुटल्या की त्यांची दोन्ही मुलं माझ्यात येऊन पडत; गोळी फळीतून आरपार जाई, माझ्या लोखंडातून नाही. त्या वस्तीत घरोघरी हीच रीत होती.

"नायला, गुडघे खाली घे!"

"कुठे घेऊ, आई? डेशॉनचं कोपर माझ्या पोटात आहे."

"पायांना खत घालतेस की काय गं?"

मुलं हसत. पण माझ्या काठावर आलेल्या त्या गुडघ्यांवरून व्हर्डेलबाईंची नजर हलत नसे. पोरगी उंच होते म्हणून आईनं घाबरावं?

एका रविवारी, मक्याचा पाव नुकताच ताटात पडला होता, तेवढ्यात आवाज झाले. नायलानं धाकट्या डेशॉनला आणि जेवायला आलेल्या शेजारच्या टालियाला माझ्यात ढकललं. तिला जागा उरली नाही. ती मला बिलगून फरशीवर पडून राहिली. गोळी फळी फोडून तिच्या गुडघ्यात शिरली.

नायला वाचली. आता कुबडीवर चालते.

या वेळी सभा भरली नाही. कॅमेरा घेऊन एक माणूस आला. "मुलगी कुणाच्या संगतीत होती?"

"भावाच्या," व्हर्डेलबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं.

मित्रांनो, या देशात काळ्या मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी पट अधिक गोळ्या लागतात. लोक म्हणतात, वस्तीचं नशीब! नशीब कसलं? एक मूल घसरलं, तर चटई बरी सापडली तुम्हाला!

येणारे-जाणारे मला थोपटून म्हणतात, "काय भक्कम टब आहे!" त्या कौतुकाचा मला संताप येतो. मला जपू नका, रंगवू नका. आधी त्या बंदुका आवरा. मग माझ्यातली गोधडी काढा आणि नळ सोडा.