फादरांची परवानगी

“पण बाई, तुम्हाला अडवलंय कुणी?”

फादरांच्या या प्रश्नावर इस्त्रीबाईंनी मांडीवरचा गठ्ठा सावरला. चर्चच्या वेदीवर अंथरायच्या पांढऱ्या कापडांचा. तीस वर्षं ती कापडं धुवायची, खळ घालायची नि इस्त्री करायची हे त्यांचं काम. खरं नाव कधीच मागं पडलं होतं. कापडावर एकही चुणी राहू द्यायच्या नाहीत, पण तोंडातून शब्द निघायचा म्हणजे मारामार! आणि आज त्याच बाई सकाळी सकाळी परवानगी मागायला आल्या होत्या. कसली, तर सख्ख्या भावाला इस्पितळात भेटायला जाण्याची.

“दादा धर्मबहिष्कृत आहे, फादर. तुम्ही नवीन, तुम्हाला ठाऊक नसेल. बावीस वर्षं झाली. घटस्फोट घेतलेल्या, पण नवरा हयात असलेल्या बाईशी त्यानं कचेरीत जाऊन लग्न लावलं. आधीचे फादर समजवायला गेले, तर त्यांच्याशीच भांडला. मग रविवारी सगळ्यांसमोर त्याचं नाव वाचलं.”

“आणि मग?”

“मग काय! बाबांनी घरी येऊन त्याचं ताट मोडीत काढलं. त्या दिवसापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. आई गेली तेव्हा आला होता, तर मीच दारात आडवी उभी राहिले. चपला हातात घेऊन बाहेरूनच बघितलं त्यानं. पुढं वहिनी वारली, तेव्हाही मी गेले नाही. आता त्याची डावी बाजू गेलीय. डॉक्टर म्हणतात, चार-सहा दिवस.”

फादर पस्तिशीचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बाई, धर्मबहिष्कृत हा शब्द चर्चपुरता असतो. त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता होता येत नाही. माणसानं परत यावं म्हणून ही शिक्षा. त्याच्याशी बोलू नका, त्याला घरात घेऊ नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं? आधीचे फादर म्हणाले होते का?”

इस्त्रीबाईंनी आठवून बघितलं. खोटं बोलायची सवय नव्हती. त्या रविवारी फादरांनी एकच ओळ वाचली होती आणि लगेच छप्पर गळतंय त्याची सूचना दिली होती. बाकीचं सगळं घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी आपापल्या मनानं त्या शब्दात भरलं होतं. विचारायला कुणी गेलंच नव्हतं. एवढा मोठा शब्द, विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

“म्हणजे मी त्याला आत घेऊ शकत होते?”

“हो.”

“अगं बाई,” त्या एवढंच म्हणाल्या, आणि कापडं तिथंच ठेवून निघाल्या.

वाटभर त्यांनी मनाशी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं आणि दादाचे पाय धरायचे. वॉर्डात भिंतीकडच्या खाटेवर दादा पडला होता. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता तोंड एका बाजूला लोंबत होतं. बहिणीला बघून तो हरखायच्या आधी घाबरला.

“चिमे, तू कशाला आलीस? कुणी बघितलं तर?” जीभ अडखळत होती. त्या पुढं सरकल्या तसा त्यानं धड हात वर केला. “तिथंच थांब. माझ्यापायी तुझं काम जाईल. तुझ्या गल्लीतनं एकदा तरी गेलो का मी? लांबचा वळसा घालून जायचो. आता शेवटाला कशाला?”

इस्त्रीबाई तिथंच थांबल्या. म्हणजे यानंही इतकी वर्षं पाळलं होतं, आणि तेही त्यांच्याचसाठी! खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण ते सांगून या माणसाच्या हाती द्यायचं काय? बावीस वर्षं फुकट गेली, हे?

“परवानगी घेऊन आलेय,” त्या म्हणाल्या. “फादरांनी सगळी बंदी उठवली. आज सकाळीच.”

“खरं?”

“तुझ्या गळ्याशपथ.”

दादाचा अर्धा चेहरा हसला. “बावीस वर्षं लावली लेकाच्यांनी!”

“हो ना. फार उशीर केला.”

“आईच्या वेळचं मनात ठेवू नकोस हो,” तो म्हणाला. “तुझा काय इलाज होता? मी कधी राग धरला नाही. म्हणायचो, चिमीच्या हातात असतं तर तिनं मला ओढून आत घेतलं असतं.”



दादानं खाटेचा दांडा धरला, आणि कण्हत, दम घेत, स्वतःचं जड अंग भिंतीकडं ओढलं. वीतभर जागा झाली.

“बस की मग,” तो म्हणाला.

इस्त्रीबाई अंग चोरून त्या कडेवर बसल्या.