छोट्या किसानाचा रुपया

केवळाबाईनं भाकरीची टोपली आदळली आणि देव्हाऱ्यातले नवे पाहुणे कधीपर्यंत मुक्कामाला आहेत, असं नवऱ्याला विचारलं. पाहुणे म्हणजे रुपयाची सात-आठ कोरी नाणी. रोजगार हमीवर खडी फोडून मारोतीला मिळालेल्या मजुरीत ती आली होती. वर शेतकऱ्याचं चित्र आणि 'छोटे किसान' अशी अक्षरं. पाऊस पाडणं सरकारच्या हातात नव्हतं, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं निदान रुपयावर शेतकरी छापला होता. मारोतीनं त्या नाण्यांना हळदकुंकू लावून खंडोबाच्या शेजारी बसवलं होतं.

चाकूरच्या बाजारात हॉटेलवाल्या वीरण्णानं पक्की खबर दिली होती, की ही नाणी खर्चायची नसतात. ज्याच्याकडे जास्त नाणी, तो सरकारदरबारी पक्का छोटा किसान आणि त्याची विहीर आधी मंजूर. लातूर जिल्हा होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती, त्यामुळे नव्या जिल्ह्यात काहीही घडेल यावर लोकांचा भारी विश्वास. वीरण्णाच्या हॉटेलात चहा पांचट असला तरी बातमी कडक मिळायची.

इकडे गोठ्यात गाभण गाय उपाशी होती. दिवस भरत आलेले आणि बरगड्या वर आलेल्या. गावात कडबा नव्हता असं नाही. साठ एकरवाल्या शेषेराव पाटलाच्या मळ्यात गंज्या उभ्या होत्या, पण भाव अजून चढावा म्हणून तो विकत नव्हता. केवळाबाई मजुरीचे पैसे घेऊन दोनदा जाऊन आली. पाटलानं पैशाकडे बघितलंसुद्धा नाही. दुष्काळ किती वाईट असतो, हे मात्र तिला नीट समजावून सांगितलं.

"आवं, गाय मेली तर ह्या रुपयाचं दूध काढताव का?" तिनं विचारलं.

"तुला काय कळतंय? हीर झाली की गाईला हिरवं चारू," मारोती म्हणाला.

"हाव. तवर तिला रुपयाच चाटवा."

मारोती घमेलं उचलून खडीवर निघून गेला. तो गेला आणि थोड्या वेळानं खुद्द शेषेराव पाटील दारात हजर. वीरण्णाची खबर त्याच्याही कानावर गेली होती, आणि साठ एकरांच्या या धन्याला एकाएकी छोटा किसान व्हावंसं वाटू लागलं होतं. घरोघर फिरून तो नाणी गोळा करत होता. एका नाण्याला दोन रुपये देतो म्हणाला.

केवळाबाईचा नाण्यांवर काडीचा विश्वास नव्हता. पाटलाच्या हावेवर मात्र पुरेपूर होता. तिनं पदर सावरला. देवापुढची नाणी आहेत, मालक घरात नाहीत, विहीर हातची जाईल, असं एकेक रडगाणं सावकाश गायली. पाटील तीन रुपयांवर आला, चारांवर आला.

"पैसा नगं, पाटील," ती शेवटी म्हणाली. "समद्यांचा मिळून गाडीभर कडबा टाका."

पाटलानं बरीच कुरकुर केली, पण गाडी दुपारीच आली.

संध्याकाळी रिकामा देव्हारा बघून मारोती मटकन खालीच बसला. बायकोनं विहीर विकून खाल्ली, असं तो गल्लीत सांगत सुटला. पुढे कितीतरी दिवस त्यानं तिच्या हातचं पाणीही मागून घेतलं नाही. तिला ते फार लागलं, पण ती वैरण टाकत राहिली. गाय अंगानं भरली आणि एका सकाळी सुखरूप व्याली. तेव्हापासून मारोती वासरापाशी जाऊन बसायचा, बायकोशी बोलायचा मात्र नाही.

महिन्याभरानं शेषेराव इस्त्रीचं धोतर नेसून, नाण्यांची पिशवी घेऊन लातूरच्या सरकारी कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं नाणं उलटंपालटं करून बघितलं. बाजारात रुपयाला चालतं, हौस असेल तर नातवंडांसाठी ठेवा, नाहीतर चहा प्या, असं सांगितलं. मग पाटलाला जमीन किती म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून सगळं ऑफिस हसलं.

पाटील बसमधून उतरला तो तडक मारोतीच्या अंगणात. पिशवीतली मूठभर नाणी त्यानं धुळीत फेकली.

"हे घे तुझं. माझा कडबा मला माघारी दे. न्हाई तर दोघं सुगीपतुर माझ्या मळ्यात फुकट राबा."

पाटलापुढे नवऱ्याची मान कधी वर होत नव्हती. आता हा होय म्हणणार आणि आपलं वर्ष बुडणार, असं केवळाबाईला वाटलं. मारोती गोठ्यात गेला. शेणानं भरलेलं टोपलं त्यानं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि पाटलाच्या पायाशी ठेवलं.

"घ्या पाटील, तुमचाच हाय. उरलेला उकिरड्यावर हाय, गाडी आणा."

गल्लीतली माणसं दारात आली होती. पाटील लाल झाला. तो वळला, चार पावलं गेला आणि परत आला. मग इस्त्रीच्या धोतराचा सोगा सावरत खाली वाकला आणि धुळीतला एकेक रुपया वेचून पिशवीत टाकू लागला. मारोती तिथंच उभा राहून बघत होता. केवळाबाईला त्या दिवशी आपल्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. एक नाणं टोपल्याखाली गेलं होतं, ते तिनं बोटानं दाखवलं.