उन्हाची खोली

मावसभावाचा फोन आला तेव्हा बारकी तळघरातल्या आपल्या खोलीत भिंतीवरची बुरशी पुसत होती. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून ती बारकी. परदेशात शिकायला आली तरी नाव काही बदललं नाही.

"अगं, मीही येतोय तिकडे, पुढच्या शिक्षणाला," दादा म्हणाला. "एक खोली हेरून ठेवलीय. तेवढी जाऊन मला व्हिडिओ कॉलवर दाखव. नुसत्या फोटोंवर कसा विश्वास ठेवायचा?"

बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांपूर्वी हाच दादा याच शहरात नोकरीला होता. इकडे यायला निघण्याआधी तिने फोनवर त्याच्या हातापाया पडून सांगितलं होतं, बाबा रे, एवढ्या खोलीवर एकदा नजर टाकून ये. "एक नंबर आहे, डोळे झाकून घे," असं त्याने कळवलं आणि तिने खरंच डोळे झाकून करार केला. खोलीला खिडकीच नव्हती. दिवस उजाडला की मावळला, ते मोबाइलमध्ये बघून कळायचं. कपडे वाळत नव्हते, खोकला हटत नव्हता. जाब विचारला तर म्हणाला, "मला कुठे वेळ होता गं जायला?" आणि वर हसला. मग नोकरी सोडून तो घरी परतला, ही मात्र तळघरात राहिली. ते हसणं तिने मनात नीट जपून ठेवलं होतं. आता करार संपत आला होता, दुसऱ्या जागेसाठी ती वणवण फिरत होती आणि कुणी दारात उभं करत नव्हतं.

"नाही म्हणू नकोस हं," आईने मागाहून फोन करून बजावलं. "मावशीला काय वाटेल?"

बारकी गेली. मालकीणबाईंनी दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. दोन ऐसपैस खिडक्या आणि जमीनभर लख्ख ऊन! तिने बूट काढून त्या उन्हात पाय ठेवले. तिला रडूच फुटलं. रडू ओसरलं तसा संताप आला. ही खोली त्याने घ्यायची? आणि तीही माझ्या हातून?

तिने फोन लावला आणि न्हाणीघराच्या दारावर ओल आली होती, तिथे धरून ठेवला, चांगला बराच वेळ. मग जुना फ्रिज घरघरत होता, तो ऐकवला.

"खिडकी आहे ना?" दादाने विचारलं.

"आहे की." तिने हात खिडकीबाहेर काढून फोन खाली वळवला. खाली कचऱ्याचे डबे होते.

"शी! हे रोज बघायचं? तुला काय वाटतं?"

बारकी जरा अडखळली. एक वाक्य खरं बोललं की खोली त्याची होणार होती.

"मला काय वाटायचंय? राहणार तू. ठरव बाबा."

"मग नकोच. दुसरी बघ."

"परीक्षा आहे रे दादा. वेळ कुठेय?"

मालकीणबाईंना या भाषेचा गंध नव्हता. खोलीचं कौतुक चाललंय असं समजून त्या मान डोलावत होत्या. बारकीने फोन ठेवला आणि त्यांना विचारलं, "मला द्याल?" त्यांनी चार प्रश्न विचारले आणि होकार दिला.

दादाने शेवटी फोटो बघूनच खोली घेतली, अर्धी जमिनीखाली. एका रविवारी तो नाक ओढत बारकीकडे चहाला आला. नको म्हटलेल्या खोलीचा पत्ता नि फोटो तो केव्हाच विसरला होता. बोलता बोलता खुर्ची हळूहळू उन्हात सरकवू लागला.

"झकास जागा आहे गं. तुला बरी मिळाली!"

"तू नको म्हणालास, म्हणून मिळाली."

दादाचा कप तोंडाशीच थांबला. त्याने खिडकीकडे पाहिलं, न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"फसवलंस मला! सख्ख्या मावसभावाला!"

"मी निदान जाऊन तरी आले होते," बारकी म्हणाली.

दादाने कप खाली ठेवला आणि उन्हात पाय आणखी पसरले. निघताना दारात घुटमळला.

"पुढच्या रविवारी येऊ का गं? तिकडे फार गारठा असतो."

"एवढ्या लांब कशाला तडफडतोस? ऊन पडलं की व्हिडिओ कॉल लावते."

दार लावून ती कप विसळायला गेली. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, पण जीव कसा अगदी थंड झाला होता.