मडक्यातली ज्योत

सकाळी दहालाच केळी भरायच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एरवी जिथे घड धुऊन खोक्यांत भरतात, तिथे सतरंज्या अंथरल्या होत्या आणि धरणाकाठच्या पाच-सात गावांतली माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. कुणाला मोतीबिंदू, कुणाची नजर जन्मापासून अधू. एका बाईला तिच्या भावाने केमहून रेल्वेने जेऊरपर्यंत आणि तिथून मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. दारात चपलांचा ढीग पडला होता आणि शेडच्या पत्र्याला बांधलेल्या भोंग्यातून आवाज येत होता.

"तेल हाय का?"

"न्हाय!" गर्दी गरजायची.

"वात हाय का?"

"न्हाय!"

"वायर हाय का?"

"न्हाय!"

"मग पेटतीया कशी?"

यावर उत्तर नसायचं. नुसता जयजयकार. ज्योतनाथ महाराजांचा पट्टशिष्य कल्लप्पा हे प्रश्न विचारायचा आणि एक मातीचं मडकं उचलून चारी बाजूंनी दाखवायचा. मग थोडी शांतता, आणि पुन्हा ओरडा, "ज्योत! ज्योत आली!"

हे सगळं मी शेजारच्या अंगणात उभी राहून ऐकत होते. माझा जेऊरला फोटो स्टुडिओ आहे. शेड आणि घर दोन्ही माझ्या आत्याच्या मुलाचं, ऋतुराजदादाचं. त्या दिवशी त्याच्या मुलीचं बारसं होतं आणि फोटो काढायला मला बोलावलं होतं. दादाने महाराजांचा दरबारही त्याच दिवशी आपल्या शेडमध्ये ठेवून घेतला. लेकीला ज्योतीचा आशीर्वाद मिळेल, आणि गावात आपलं नावही होईल, असा त्याचा विचार.

मी पाळण्याजवळ फ्लॅशचा स्टँड लावत होते, तेवढ्यात मथुराआत्या शेडमधून बाहेर आली. दादाच्या खांद्यावर हात ठेवून, हसत हसत.

"पायल, पोरी, कुटं हायस? मला दिसली गं!"

"काय दिसलं, आत्या?"

"ज्योत! डोळं मिटलेलं हुतं. म्हाराजांनी डोक्यावर हात ठिवला आन् सगळं लालभडक झालं बघ. पाचव्यांदा दिसली. दर महिन्याला दिसतीया."

चार वर्षांपूर्वी आत्याला काचबिंदू निघाला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने खात आत येतो आणि माणसाला पत्ताही लागू देत नाही. सोलापूरला डॉक्टर महेश्वरी बिराजदार यांच्याकडे मीच तिला नेत होते. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब टाकायचा, एवढंच औषध होतं. या वर्षी लग्नांच्या कामात मला तिकडे फिरकता आलं नव्हतं. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"थेंब टाकतेस ना?" मी विचारलं.

"बंद केलं की. म्हाराज म्हनले, दवाचं पानी ज्योत इझवतं."

"कधीपासून?"

"पयल्या दर्शनापासनं."

म्हणजे चार महिने. मी दादाकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"माजी आई हाय ती," दादा म्हणाला. "तुज्या डॉक्टरनीनं चार वर्षांत काय दाखवलं? हितं आईला उजेड दिसतोय. आता शुभकार्याच्या दिवशी तोंड घालू नगंस. फोटो काढ."

मी फोटो काढायला वळले. बायका पाळण्याभोवती जमल्या, कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आतच स्टँडवरचा फ्लॅश लखकन उडाला. बाळ दचकून रडायला लागलं.

मी बटण दाबलंच नव्हतं.

पहिला संशय मला माझ्याच वस्तूवर आला. आधीच्याच आठवड्यात मी सोलापुरातून नवे ट्रिगर घेतले होते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवायचा तर दोन डब्या लागतात. एक कॅमेऱ्यावर बसते, दुसरी फ्लॅशखाली. पहिली रेडिओचा इशारा पाठवते, दुसरी तो पकडते. त्यांच्यामध्ये वायर लागत नाही. जुन्या तऱ्हेचे ट्रिगर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून चालतात, पण भर उन्हात ते चुकतात आणि मध्ये भिंत आली तर आंधळेच होतात. रेडिओला पडदा, भिंत, गर्दी आडवी येत नाही. दुकानदाराने मला तीन जोड्या दाखवल्या होत्या. महागडी जोडी उजेडाचा हिशेब आपोआप करणारी होती. मी उजेड हातानेच लावते, तेव्हा मला स्वस्तातली पुरणार होती. दुकानदार भला माणूस. जोडी देताना म्हणाला, "म्याडम, खालचे हे चार बारके खटके बघा. चॅनेल बदलायचे आहेत. कारखान्यातून सगळ्या जोड्या एकाच चॅनेलवर येतात आणि कुणी बदलत नाही. शेजारी असलीच जोडी वापरणारा आला, तर तुमचा फ्लॅश तो उडवेल आणि त्याचा तुम्ही."

मीही खटके बदलले नव्हते.

फ्लॅश पुन्हा उडाला. त्याच क्षणी शेडमधून ओरडा आला, "ज्योत! ज्योत आली!"

मी कॅमेरा खाली घेतला आणि वाट पाहू लागले. भोंग्यातून कल्लप्पाची प्रश्नोत्तरं झाली, शांतता पसरली, माझा फ्लॅश उडाला आणि शेड ओरडलं. आणखी एकदा तसंच. तीन वेळा एकाच क्षणी घडणाऱ्या गोष्टीला मी योगायोग म्हणायला तयार नव्हते.

आता उलट करून बघायचं होतं. मी माझ्या डबीवरचं चाचणीचं बटण दाबलं. शेडमध्ये एकदम गलका उठला. नंतर कळलं, महाराज त्या वेळी बशीत ओतून चहा पीत होते आणि मडकं आपोआप पेटलं. माझी खात्री पटली. आता बाबा उघडा पडणार, असंही वाटलं. पण भोंग्यातून महाराजांचा आवाज आला, जरासा कापरा आणि मग एकदम खणखणीत.

"बघितलंत? आज ज्योत न बोलावता आली! बाराव्या वर्षी एकदा येते अशी! कुणाच्या पुण्याईनं आली, त्याचं त्यालाच ठावं!"

गर्दी नुसती वेडी झाली. एक म्हातारा लोळण घेत चौरंगापर्यंत गेला. मी खोटेपणा उघडा पाडायला गेले आणि चमत्कार दुप्पट करून बसले.

मी डबी हातात घेतली आणि शेडमध्ये शिरले. जवळ गेल्यावर मडक्यातून येणारा बारीक कुईंऽऽ आवाज ऐकू आला. एकदा उडून गेल्यावर फ्लॅश बॅटरीवरून पुन्हा चार्ज होताना असाच आवाज येतो. महाराज ओठांवर बोट ठेवून सांगत होते, "शांत. ज्योत श्वास घेतीया." त्यांचा उजवा हात कफनीच्या आत होता.

"महाराज," मी म्हणाले, "मी तीन म्हटलं की ज्योत येईल. एक, दोन, तीन."

मडकं पेटलं. आवाज थांबेपर्यंत थांबून मी पुन्हा आकडे मोजले. मडकं पुन्हा पेटलं. महाराजांचा चेहरा उतरला, पण तोंड काही थांबलं नाही. "प्रसन्न झाली! या लेकीवर ज्योत प्रसन्न झाली!"

आणि लोक खरोखर माझ्या पायाशी वाकू लागले. केमहून आलेल्या बाईने माझा पदर धरला. "ताई, माज्या डोळ्यांवर हात ठिवा."

त्या क्षणी मला जी किळस आली, ती त्या बाईची नव्हे. लोकांना फसवणं इतकं सोपं असतं, याची होती. मी पदर सोडवून घेतला, चौरंगाशी गेले आणि मडक्याच्या तोंडावर बांधलेलं मलमल ओढून काढलं. कल्लप्पा धावला. पण सतरंजीवर पुढेच बसलेले चन्नप्पा, अक्कलकोटकडचे भुसाराचे व्यापारी, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आडवे आले.

"थांब रे. ज्योत खरी असली तर तिला उघड्यावर कशाची लाज? बघू दे की."

मडक्यात जुना फ्लॅश होता, आणि त्याच्याखाली माझ्यासारखीच काळी डबी. चारही खटके कारखान्यातून आले तसेच. पितळेचा कलश मिरवायचा सोडून मडकं का घेतलं, तेही आता कळलं. धातूच्या भांड्यात रेडिओचा इशारा अडतो, मातीच्या भांड्यात नाही.

"तुमच्या कफनीत याची दुसरी डबी आहे," मी म्हणाले. "बाहेर काढा."

महाराजांनी डबी काढली नाही. "कलियुग हाय," एवढंच पुटपुटले आणि मागच्या दाराकडे सरकले. बाहेर उभ्या जीपमधून ते आणि कल्लप्पा पसार झाले. मडकं मात्र माझ्याजवळच राहिलं.

मग मागून आत्याचा आवाज आला. "मग मला दिसलं ते काय हुतं?"

मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. फ्लॅश पुढच्या रांगेसमोर धरून उडवला. सगळ्यांनाच लाल दिसलं, चांगल्या डोळ्यांच्यांनाही.

"पापणीत रक्त असतं," मी सांगितलं. "तळहातामागे बॅटरी धरली की बोटं लाल दिसतात, तसंच हे. इतका झगझगीत उजेड मिटल्या डोळ्यांनाही दिसतो. दिसला म्हणजे नजर सुधारली असं नाही. उजेड कळण्याइतकी नजर शिल्लक आहे, एवढाच त्याचा अर्थ."

आत्या खाली बसली. कुणी माझं कौतुक केलं नाही. दादा पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माज्या लेकीच्या बारशाला माजं नाक कापलंस तू. आता चालती हो."

मी निघाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याला न्यायला परत आले. दादा बाहेर आला नाही. तिची पिशवी भरून त्याच्या बायकोने दारात ठेवली होती.

सोलापूरला डॉक्टरांनी यंत्रावर डोळ्यांतला दाब मोजला, नजरेचा नकाशा काढला आणि गेल्या वर्षीच्या नकाशाशेजारी ठेवला. पहिल्यात कडेला थोडं काळं होतं. नव्यात काळ्याच्या मध्ये नाण्याएवढं पांढरं उरलं होतं.

"थेंब चालू असते तर एवढं गेलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. त्या कडवट बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या. "मथुराबाई, गेलेलं परत येत नाही. मी आणू शकत नाही, कुणीच आणू शकत नाही. राहिलंय ते राखता येईल. रोज, न चुकता."

आत्या रडली नाही. "म्हंजी ते चार म्हयनं..." एवढंच म्हणाली.

मी मडकं आणि फ्लॅश घेऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. महाराज अजून सापडलेला नाही. तो दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या नावाने बसला असेल, आणि आता खटके बदलायलाही शिकला असेल. गावात लोक म्हणतात, महाराज लबाड निघाला, पण ज्योत खरी होती. दादा माझ्याशी बोलत नाही. आईला मात्र सकाळ-संध्याकाळ थेंब तो स्वतः टाकतो. मोबाईलमध्ये गजर लावून.

महिन्याभराने गावच्या शाळेत डोळेतपासणीचं शिबिर झालं. तपासायला डॉक्टर महेश्वरीच आल्या होत्या, आणि मी आत्याला घेऊन गेले. नाव नोंदवायला आलेल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्यांतली एक हळूच दुसरीला म्हणाली, "करमाळ्याकडं यक देवरुशी हाय म्हनं, नुसत्या फुंकरीनं जाळं काढतो."

आत्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. समोर बसलेली बाई शोधायला तिला चेहरा दोनदा इकडून तिकडे फिरवावा लागला.

"बाई," ती म्हणाली, "म्या चार म्हयनं त्या मडक्याम्होरं बसली. आत काय हाय, हे म्या यकदा बी इचारलं न्हाय. इचारलं आसतं तर आज तुजं त्वांड मला आसं हुडकावं लागलं नसतं. तू जा कुटं बी, पर इचार. आन् जो इचारू देत न्हाय, त्याच्या दारात उबी ऱ्हाऊ नगंस."